बंदूक ठेवली, बियाणं उचललं : डॉ. पांडुरंग खानखोजे

शाळेच्या इतिहासात गदर पार्टी एका ओळीत संपते. लाला हरदयाळ, अमेरिका, १९१३. पण याच पार्टीच्या लढाऊ शाखेत आपल्या वर्ध्याचा एक माणूस होता, आणि पुढे त्याने गहू-मक्याच्या संशोधनात नाव कमावलं, हे फारसं कुणी सांगत नाही.

पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा जन्म १८८० च्या दशकातला. लष्करी शिक्षण घ्यायचं आणि इंग्रजांशी लढायचं, एवढ्या एका ध्यासाने ते तरुणपणीच जपानमार्गे अमेरिकेत पोचले. तिथे शिक्षण मात्र शेतीचंही घेतलं. पहिल्या महायुद्धात इराणमध्ये इंग्रजांविरुद्ध लढले, जखमी झाले, पकडले गेले आणि निसटलेसुद्धा! नंतर बर्लिन, मॉस्को. मायदेशाची वाट बंदच होती. शेवटी १९२४ मध्ये ते मेक्सिकोत गेले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले.

आमच्या धारूरकडे पाऊस दगा देतो. मेक्सिकोच्या पठारावर पाऊस तर दगा देतोच, वर थंडीही देते. चापिंगो समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून उंच. एका रात्रीत हिम पडलं की उभं पीक करपतं. त्यातून वाचलं तर गव्हावर तांबेरा.

यावर उपाय म्हणजे संकर. एक वाण काटक, पण दाणा कमी. दुसरं भरघोस, पण नाजूक. गव्हाच्या एका फुलातले पुंकेसर पिकण्याआधीच चिमट्याने काढायचे आणि त्यावर दुसऱ्या वाणाचा पराग टाकायचा. दुसऱ्या पिढीत सगळे गुण विखुरतात. मग हजारो रोपांतून मोजकी निवडायची, पुन्हा पेरायची, पुन्हा निवडायची. यात वर्षं जातात. तांबेऱ्याचा प्रतिकार कधीकधी एकाच जनुकावर असतो, पण बुरशी बदलली की तो कोसळतो. थंडी सोसण्याचा गुण अनेक जनुकांत वाटलेला, म्हणून तो पकडणं आणखी अवघड. खानखोजेंनी हिम आणि दुष्काळ सोसणाऱ्या वाणांवर काम केलं, मका आणि त्याचा रानटी भाऊबंद तेओसिंते यांचा संकरही केला. गरीब शेतकऱ्यांसाठी त्यांनी मोफत शेतीशाळा काढल्या. टिना मोदोत्तीने त्यांच्या कामाचे फोटो काढले, दिएगो रिव्हेराने त्यांना भित्तिचित्रात रंगवलं. तिकडे नाव झालं, पण इंग्रज असेपर्यंत घरी येता आलं नाही. स्वातंत्र्यानंतर ते परतले आणि जानेवारी १९६७ मध्ये नागपूरला वारले.

आता योगायोग बघा. १९६६ मध्ये भारताने मेक्सिकोतून १८,००० टन गव्हाचं बियाणं आणलं, आणि ते गेले तेव्हा तो गहू आपल्या रानात उभा होता. ते वाण नॉर्मन बोरलॉग यांचं. बोरलॉग मेक्सिकोत आले १९४४ मध्ये. खानखोजे त्याच्या वीस वर्षं आधीपासून तिथल्या मातीत राबत होते. हरितक्रांतीचं श्रेय त्यांना देण्याची गरज नाही, त्यांचं स्वतःचं काम पुरेसं आहे.

२०२२ मध्ये चापिंगोला त्यांचा पुतळा उभा राहिला. वर्ध्याच्या माणसाचा पुतळा मेक्सिकोत आहे, आणि आपल्यापैकी किती जणांनी त्यांचं नाव ऐकलंय? आज मेसमध्ये पोळी वाढून घेताना शेजारच्याला विचारून बघा.