पालवणकर बाळू आणि १९२० चा नकार

खेळाच्या मैदानावर जात नसते, असे शाळेच्या पुस्तकात लिहिलेले असते. ज्यांनी हे वाक्य लिहिले त्यांना पालवणकर बाळू या माणसाची हकीकत कोणी सांगितलेली दिसत नाही. अमरावती-अकोल्याकडच्या आपल्या घरांतून आज मुले क्रिकेटच्या नादाने वेडी झालेली आहेत. खेळाडूंची नावे त्यांना तोंडपाठ असतात; पण हिंदुस्थानचा पहिला थोर गोलंदाज अस्पृश्य समाजातून आला, हे त्यांतील किती जणांना ठाऊक आहे? आईबापांनी ही हकीकत मुलांना जवळ बसवून सांगावी, म्हणून हे चरित्र थोडक्यात देत आहोत.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाडला झाला. घराणे मूळचे कोकणातल्या पालवणचे, जातीने चांभार. वडील लष्कराच्या नोकरीत, त्यामुळे मुले पुण्यात वाढली. बाळू, शिवराम, विठ्ठल आणि गणपत हे चारही भाऊ पुढे नामांकित खेळाडू झाले, परंतु सुरुवात मात्र झाडू हातात घेऊन झाली. पुण्यात पारशांच्या क्लबात खेळपट्टी झाडायची आणि तिच्यावर रोलर फिरवायचा, हे बाळूंचे पहिले काम. पगार दरमहा ३ रुपये. नंतर गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात ४ रुपये मिळू लागले. तेथे जाळी बांधता बांधता त्यांना साहेबांना चेंडू टाकण्याची परवानगी मिळाली. ग्रेग नावाचा गोरा फलंदाज आपल्याला बाद केल्याबद्दल दर वेळी ८ आणे देत असे, असे सांगतात. ताशी ताशी चेंडू टाकून या डावखुऱ्या मुलाचा हात असा काही तयार झाला की पुण्यात त्याच्या तोडीचा गोलंदाज उरला नाही. बॅट मात्र त्याच्या हाती कोणी दिली नाही. चेंडू टाकणे हे नोकराचे काम, टोलावणे हे साहेबाचे!

आता पुण्याच्या हिंदूंपुढे पेच पडला. गोऱ्यांना हरवायचे तर बाळू हवा, आणि बाळू तर अस्पृश्य! क्लबातल्या तेलुगू सभासदांनी त्यांची बाजू घेतली व अखेर त्यांना संघात घेतले. मैदानावर ज्या चेंडूला बाळूंचा हात लागे तोच चेंडू ब्राह्मण खेळाडू बिनदिक्कत झेलत. पण चहाची वेळ झाली की इतरांना पॅव्हेलियनमध्ये कपबशी, आणि बाळूंना बाहेर मातीच्या परळात चहा. जेवणाचे पान निराळे. तोंड धुवायला पाणी लागले तर अस्पृश्य नोकराने ते कोपऱ्यात आणून द्यायचे. आपल्या वऱ्हाडातल्या खेड्यांत हॉटेलाबाहेर खुंटीला टांगलेली वेगळी कपबशी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना याहून अधिक सांगायला नको. विटाळ चेंडूला लागत नाही, कपाला लागतो, हे शास्त्र कोणत्या ग्रंथातले?

प्लेगच्या दिवसांत हे कुटुंब मुंबईस आले. बाळूंना रेल्वेत नोकरी मिळाली व हिंदू जिमखान्याच्या संघात जागा मिळाली. १९०६ साली हिंदूंनी गोऱ्यांच्या संघाला १०९ धावांनी हरविले, त्या विजयात बाळू आणि शिवराम दोघेही होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ विलायतेस गेला. संघाने २३ पैकी अवघे ६ सामने जिंकले, पण बाळूंनी एकट्याने ११४ बळी घेतले. परत आल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या मानपत्राशी तेव्हा कॉलेजात शिकत असलेल्या भीमरावांचे नाव जोडले जाते.

इतके होऊनही हिंदू संघाचे कप्तानपद बाळूंना कधीच मिळाले नाही. १९१० नंतर जवळजवळ दरवर्षी त्यांचे नाव पुढे येई आणि मागे पडे. १९१३ साली कप्तान झालेल्या एम. डी. पै यांनी तर उघड बोलून दाखविले की हा मान खरे म्हणजे बाळूंचा आहे. पै सज्जन होते यात शंका नाही. तथापि मान दुसऱ्याचा आहे असे वाटत असताना त्यांनी तो स्वीकारला हेही खरे. तो त्यांनी नाकारला असता तर? हा प्रश्न मनात ठेवूनच पुढे वाचावे.

१९२० साल उजाडले. बाळू आता चव्वेचाळीस वर्षांचे. त्यांना संघातूनच वगळले. पै आजारी पडले. अनुभव पाहता कप्तानपद विठ्ठलकडे यायला हवे होते. ते त्यांच्याहून ज्युनियर असलेल्या पुण्याच्या दि. ब. देवधरांना दिले गेले. देवधर उत्तम खेळाडू होते, निवड काही त्यांनी स्वतः केली नव्हती. परंतु विठ्ठल आणि शिवराम यांनी ओळखायचे ते ओळखले. दोघांनी जाहीर निवेदन काढून संघातून अंग काढून घेतले. ज्या संघात गुण पाहून नव्हे तर जात पाहून पुढारी नेमला जातो, त्या संघासाठी खेळणार नाही, असा त्याचा आशय होता.

हे धाडस केवढे मोठे होते याची कल्पना करावी. चौरंगी सामने म्हणजे त्या काळी मुंबईचा मोठा सण. हजारो लोक पाहायला लोटत. न खेळणारा विसरला जातो, ही भीती प्रत्येक खेळाडूला असते. पण तेव्हा सबंध देशात असहकाराचे वारे वाहत होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात नागपूरच्या काँग्रेसने असहकारावर शिक्कामोर्तब केले. सरकारशी असहकार करणाऱ्या हिंदूंशी या दोन भावांनी असहकार केला, आणि हिंदू समाजाला त्याचे उत्तर सुचेना. लोकमत भावांच्या बाजूने गेले. तडजोड झाली: पै बरे होऊन कप्तान म्हणून परतले, बाळूंना संघात घेऊन उपकप्तान केले, भाऊ खेळायला आले. अंतिम सामन्यात पै काही काळ मुद्दाम मैदानाबाहेर राहिले आणि तेवढ्या वेळापुरते बाळू कप्तान झाले. पंधरा वर्षांच्या सेवेची ही किंमत!

तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल हिंदू संघाचे कप्तान झाले. त्यांच्या हाताखाली हिंदूंनी १९२३, १९२५ आणि १९२६ साली स्पर्धा जिंकली. १९२३ च्या विजयानंतर त्यांना खांद्यावर घेऊन नाचणाऱ्यांत सवर्णही होते. याच काळात, १९२७ साली, आपल्या अमरावतीत अंबादेवीच्या मंदिराची दारे अस्पृश्यांना बंद होती आणि त्यासाठी बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरत होती. खांदा मिळाला, देऊळ मिळाले नाही.

बाळूंच्या उत्तरायुष्याबद्दल लपवाछपवी करू नये. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३५ साली येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली तेव्हा बाळू विरोधात उभे राहिले. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत काँग्रेसने त्यांनाच बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. आपल्यापैकी काहींना एवढ्यावरून बाळूंचे नाव काढायला नको वाटते. आम्हाला ते पटत नाही. ज्या घरात राहून मान मिळत नाही त्या घरातच थांबावे हा त्यांचा निर्णय चुकला. पण मातीच्या परळातला चहा पिऊन ज्याने ११४ बळी घेतले त्याच्यावरचा आपला हक्क आपण का सोडावा? ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत ते वारले.

आता राहिला तो प्रश्न: खेळाडूने निषेध म्हणून खेळणे नाकारावे काय? १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे गडी बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ दाखवायला गेले, याचा वऱ्हाडाला अभिमान आहे. त्याच ऑलिंपिकला ऑस्ट्रियाच्या तीन ज्यू मुलींनी, पोहण्यात पटाईत असूनही, हिटलरच्या वंशद्वेषामुळे जायचे नाकारले. १९७४ साली भारताच्या टेनिस संघाने पुण्यात रशियाला हरवून डेव्हिस चषकाची अंतिम फेरी गाठली. समोर दक्षिण आफ्रिका होती, जेथे काळ्या माणसाला गोऱ्यांबरोबर खेळता येत नव्हते. भारत खेळला नाही, चषक न खेळताच त्यांना गेला. भारताला तो आजवर मिळालेला नाही. अमृतराज बंधूंच्या उमेदीची ती वर्षे होती, आणि अपमान त्यांचा स्वतःचा नव्हता.

विठ्ठल-शिवरामांच्या नकाराला वजन आले ते त्यांच्यावाचून संघाचे अडत होते म्हणून. गावच्या संघातला तेरावा गडी रुसून घरी बसला तर कोणाचे काय बिघडते? म्हणून मुलांनी आधी चेंडूवर हात बसवावा. पण नकाराचे सारे ओझे ज्याचा अपमान झाला त्याच्याच डोक्यावर का? १९१३ ते १९२० या सात वर्षांत हिंदू संघातल्या एकाही सवर्ण खेळाडूने बाळूंसाठी बॅट खाली ठेवल्याची नोंद नाही. एकाने ठेवली असती, तर विठ्ठलला निवेदन काढावे लागले नसते.