Explained: पाकिटावरचा ‘आयएनएस ३०१’ आणि मिरचीतून ‘क’ जीवनसत्त्व काढणारा शास्त्रज्ञ
खाद्यपदार्थांच्या पाकिटामागे कधीकधी बारीक अक्षरात ‘आयएनएस ३०१’ असं लिहिलेलं असतं. हा आहे सोडियम अ‍ॅस्कॉर्बेट, म्हणजे ‘क’ जीवनसत्त्वाचा क्षार. हवेतल्या ऑक्सिजनमुळे पदार्थाचा रंग आणि चव बिघडू नये म्हणून तो वापरतात. हे जीवनसत्त्व वेगळं काढणाऱ्या अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांची ही गोष्ट.

कोण होते सेंट-ग्यॉर्गी?
जन्म १६ सप्टेंबर १८९३, बुडापेस्ट. वैद्यकीय शिक्षण सुरू असतानाच पहिल्या महायुद्धात त्यांना आघाडीवर जावं लागलं. युद्धाला ते इतके विटले की त्यांनी स्वतःच्याच दंडात गोळी झाडून घेतली. जखमी म्हणून परत आले आणि डॉक्टर झाले.

शोध कसा लागला?
कापलेला बटाटा काळा पडतो, मग लिंबू का नाही? या प्रश्नाच्या मागावर असताना केंब्रिजमध्ये त्यांनी जनावरांच्या अधिवृक्क ग्रंथींमधून एक पदार्थ वेगळा केला. तो नेमका काय, हे कळेना. म्हणून त्यांनी गमतीचं नाव सुचवलं, पण संपादकांनी ते नाकारलं. १९२८ मध्ये तो ‘हेक्झुरोनिक आम्ल’ या नावाने प्रसिद्ध झाला.

मिरचीचा काय संबंध?
१९३२ मध्ये हंगेरीतल्या सेगेड इथे गिनीपिगवर प्रयोग झाले आणि हेच ‘क’ जीवनसत्त्व असल्याचं दिसलं. त्याच सुमारास अमेरिकेत चार्ल्स किंग यांनीही तोच निष्कर्ष मांडला. श्रेयाचा वाद बराच काळ चालला.

दरम्यान, पदार्थाचा साठा संपत आला होता. उत्तर सेगेडच्या बाजारातच मिळालं. तिथल्या प्रसिद्ध पॅप्रिका मिरचीत हे जीवनसत्त्व भरपूर होतं. काही आठवड्यांत किलोपेक्षा जास्त साठा तयार झाला. तो त्यांनी दडवून न ठेवता इतर संशोधकांना वाटला. ब्रिटनच्या नॉर्मन हॉवर्थ यांनी त्याची रचना उलगडली. स्कर्व्ही रोखणारं म्हणून नाव पडलं अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल. १९३७ मध्ये दोघांनाही नोबेल मिळालं. सेंट-ग्यॉर्गींना वैद्यकशास्त्राचं, हॉवर्थना रसायनशास्त्राचं.

पुढे काय झालं?
सोव्हिएत हल्ला झेलणाऱ्या फिनलंडच्या मदतीसाठी त्यांनी नोबेलचं सुवर्णपदक देऊन टाकलं. १९४३ मध्ये ते इस्तंबूलला जाऊन दोस्त राष्ट्रांच्या हस्तकांना गुपचूप भेटले. हे फुटल्यावर नाझींपासून लपून राहावं लागलं. १९४७ मध्ये ते अमेरिकेत गेले. २२ ऑक्टोबर १९८६ रोजी वुड्स होल इथे त्यांचं निधन झालं.

लेबलवर काय पाहाल?
३०० म्हणजे अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, ३०१ सोडियम क्षार, ३०२ कॅल्शियम क्षार. बटाटा काळा का पडतो, या प्रश्नापासून सुरू झालेला शोध आज पदार्थ काळे पडू नयेत म्हणूनच वापरला जातो.