बोटांनी पाहिलेले पिस्तूल

स्पर्धेच्या जुन्या पिस्तुलाची एक तक्रार नेमबाजांच्या चांगल्या परिचयाची आहे. नळीच्या तोंडावर बसवलेला कॉम्पेन्सेटर काही केल्या निघत नाही. वर्षानुवर्षांची काजळी आणि शिशाचा थर यांमुळे तो नळीला असा काही घट्ट धरून बसतो, की दोन्ही भाग एकाच लोखंडातून घडवल्यासारखे भासावेत. अशा वेळी हात आपसूकच पकडीकडे आणि हातोडीकडे वळतो आणि तिथेच घात होतो. असा कॉम्पेन्सेटर ज्यांच्या पिस्तुलासोबत येत असे, त्या मिखाईल व्लादिमिरोविच मार्गोलिन यांनी आपले पिस्तूल कधीही डोळ्यांनी पाहिले नव्हते. विसाव्या शतकातील एका नावाजलेल्या स्पर्धा-पिस्तुलाचा हा जनक पूर्णतः अंध होता.

मार्गोलिन यांचा जन्म १९०६ मध्ये कीव्ह येथे झाला. त्या वेळी हे शहर रशियन साम्राज्यात होते. क्रांती आणि तिच्या पाठोपाठ आलेले यादवी युद्ध यांच्या धामधुमीत त्यांचे बालपण सरले आणि कोवळ्या वयातच त्यांनी हाती शस्त्र घेतले. १९२४ मध्ये काळ्या समुद्राच्या काठावरील तुआप्से शहरानजीक झालेल्या एका चकमकीत त्यांच्या डोक्याला गंभीर जखम झाली. प्राण वाचले, पण दोन्ही डोळ्यांची दृष्टी कायमची गेली. तेव्हा त्यांनी वयाची विशीही ओलांडली नव्हती.

ज्या शस्त्राने आपल्या आयुष्यातला उजेड हिरावून घेतला, त्याच शस्त्राच्या अंतरंगाचा अभ्यास करण्याचे या तरुणाने ठरवले. शस्त्ररचनेचे शास्त्र म्हणजे आकृत्या, मोजमापे आणि नकाशे यांचे जग. दृष्टिहीन माणसाला त्याचे दरवाजे बंदच असावेत, असे कोणालाही वाटले असते. मार्गोलिन यांनी त्यात शिरण्याची स्वतःची वाट शोधली. बंदुका आणि पिस्तुले खोलून प्रत्येक भाग बोटांनी चाचपायचा, त्याचा आकार मनात साठवायचा आणि तो शेजारच्या भागाला कुठे भिडतो, कुठे सरकतो, कुठे अडकतो हे स्पर्शाने जाणून घ्यायचे, हा त्यांचा अभ्यासक्रम ठरला. छापील ग्रंथांतील ज्ञान मात्र इतरांकडून वाचून घेऊनच मिळवावे लागत होते.

शिकण्याच्या पुढची पायरी नवनिर्मितीची होती. मनातली रचना कागदावर उतरवणे त्यांना शक्य नव्हते. म्हणून ते मेण, प्लॅस्टिसिन आणि लाकूड यांतून सुट्या भागांचे नमुने घडवू लागले. हे नमुने जोडून पूर्ण आकाराची प्रतिकृती तयार होई आणि तिच्यावरून आरेखक मोजमापे घेऊन नकाशे काढत. इतर अभिकल्पक आधी रेघ ओढत आणि मग वस्तू घडवत. मार्गोलिन यांच्याकडे वस्तू आधी घडे आणि रेघ मागाहून येई. १९३०च्या दशकात लहान कॅलिबरच्या बंदुकांवर काम करीत त्यांनी या क्षेत्रात पाय रोवले. रशियाची शस्त्रनगरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तुला शहरातील अभिकल्पकांच्या वर्तुळात एका अंध सहकाऱ्याला स्थान मिळाले.

दुसरे महायुद्ध संपल्यानंतर सोव्हिएत संघ आंतरराष्ट्रीय क्रीडा क्षेत्रात उतरण्याच्या तयारीला लागला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये या देशाचा संघ प्रथमच सहभागी झाला. स्पर्धेसाठी स्वदेशी पिस्तूल हवे होते. १९४०च्या दशकाच्या अखेरीस मार्गोलिन यांनी रचलेले पॉइंट टू-टू कॅलिबरचे स्वयंभरणी पिस्तूल ही गरज भागवणारे ठरले. पुढे इझेव्हस्क येथील कारखान्यात त्याचे उत्पादन अनेक दशके चालले आणि एमसीएम या नावाने ते देशोदेशीच्या नेमबाजांच्या हाती पोहोचले.

या पिस्तुलाच्या रचनेत एक विलक्षण योगायोग दडलेला आहे. पिस्तुलाने नेम धरताना नळीच्या टोकावरची माशी मागच्या खाचेत बरोबर मधोमध दिसावी लागते. अनेक स्वयंभरणी पिस्तुलांत ही मागची खाच स्लाइडवर, म्हणजे प्रत्येक गोळीनिशी मागेपुढे सरकणाऱ्या भागावर असते. स्लाइड परत येताना केसभर जरी वेगळी बसली, तरी नेमाची रेषा ढळते. मार्गोलिन यांनी नळी पक्की बसवली आणि मागची खाच चौकटीला जोडलेल्या एका कमानीवर ठेवली. स्लाइड त्या कमानीखालून सरकते आणि नेमाची रेषा जागच्या जागी राहते. डोळस नेमबाजाच्या नजरेला स्थैर्य देणारी ही रचना दृष्टी गमावलेल्या माणसाच्या हातून साकारली होती.

जलदगती नेमबाजीच्या प्रकारात या स्थैर्याची कसोटी लागते. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विजय कुमार यांनी याच प्रकारात रौप्यपदक मिळवल्याचे भारतीय वाचकांना स्मरत असेल. २५ मीटर अंतरावर शेजारी शेजारी पाच लक्ष्ये असतात. प्रत्येकावर एक याप्रमाणे पाच गोळ्या आधी आठ, मग सहा आणि शेवटी अवघ्या चार सेकंदांत झाडायच्या असतात. गोळी सुटताच पिस्तुलाचे तोंड वर उसळते. ते पुन्हा खाली आणून पुढच्या लक्ष्यावर स्थिर करण्यात जो क्षणाचा अंश जातो, त्यावर पदकांचा निकाल लागतो.

कॉम्पेन्सेटरचे काम इथे सुरू होते. नळीच्या तोंडावर बसणाऱ्या या छोट्या भागाला वरच्या बाजूने छिद्रे किंवा फटी असतात. गोळीमागून येणारा तप्त वायू त्यांतून वर फेकला जातो आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून तोंड खाली दाबले जाते. लहान कॅलिबरमध्ये वायू बेताचाच असल्याने हा दाबही बेताचाच असतो. मात्र तोंडाशी आलेले वजनही उसळी रोखण्यास हातभार लावते. मार्गोलिन यांच्या पिस्तुलाला कॉम्पेन्सेटरबरोबरच नळीखाली लावायची वजनेही मिळत. नेमबाजाने आपल्या हाताच्या ताकदीनुसार समतोल साधावा, अशी ती योजना होती.

पण वापरणाऱ्याने निगा राखली नाही, तर हीच सोय गैरसोय ठरते. या कॅलिबरची स्पर्धेची गोळी बहुधा उघड्या शिशाची असून तिच्यावर मेणाचा अथवा चरबीचा हात दिलेला असतो. प्रत्येक गोळीबरोबर शिशाचे कण, वितळलेले मेण आणि काजळी कॉम्पेन्सेटरमध्ये साचते. हजारो गोळ्यांनंतर हा थर कठीण होतो, सांध्यात शिरतो आणि ओलाव्याने गंज धरला की कॉम्पेन्सेटर हलेनासा होतो. जोर लावून तो उपटल्यास नळीच्या तोंडाची कड दुखावण्याची भीती असते. गोळी नळी सोडते तेव्हा तिला शेवटचा स्पर्श याच कडेचा होतो. तिथे ओरखडा पडला तर वायू एका बाजूने आधी निसटतो, गोळी किंचित कलते आणि नेमाचे सारे कसब वाया जाते.

जाणकार कारागीर म्हणूनच घाई करीत नाही. पिस्तूल रिकामे असल्याची दोनदा खात्री करून, मॅगझिन काढून आणि शक्य तितके भाग सुटे करून तो आधी शोध घेतो, की कॉम्पेन्सेटर कशाने धरला आहे. एखादा बारीक स्क्रू काजळीखाली लपलेला असतो. आटे असतील तर ते उजवे की डावे हेही पाहावे लागते. मग सांध्यात झिरपणारे तेल सोडून रात्रभर, प्रसंगी दोन-तीन दिवस वाट पाहिली जाते. साचलेला थर पितळी ब्रशने खरवडला जातो. नळी उघड्या लोखंडी शिकंज्यात न धरता लाकडी गुटक्यांमध्ये धरतात. तेल पुसून काढल्यावर बाहेरचा भाग गरम हवेने हलकेच तापवला, तर तो किंचित प्रसरण पावतो आणि हाताच्या पिळाने सैल होऊ लागतो. केसभर हालचाल झाली की पुन्हा तेल, पुन्हा विश्रांती, पुन्हा पीळ. शेवटचे काही आटे तर नुसत्या बोटांनी सुटतात. आपल्याकडे हे काम परवानाधारक शस्त्रदुरुस्ती कारागिराकडेच सोपवणे इष्ट. निघालेला भाग स्वच्छ करून, सांध्याला ग्रीसचा पातळ हात देऊन बसवला आणि सरावानंतर वेळोवेळी काढून पुसला, तर ही वेळ पुन्हा येत नाही. डोळ्यांना न दिसणाऱ्या सांध्यात काय अडले आहे, हे बोटांनी ओळखण्याची ही रीत मार्गोलिन यांना परकी वाटली नसती.

या पिस्तुलाच्या कीर्तीला १९५४ मध्ये बहर आला. व्हेनेझुएलातील काराकास येथे झालेल्या जागतिक नेमबाजी स्पर्धेत सोव्हिएत नेमबाज ते घेऊन उतरले आणि त्या स्पर्धेवर त्यांच्या संघाने वर्चस्व गाजवले. उसळी रोखण्याचे प्रयत्न तुला येथे अन्य अभिकल्पकांनीही चालवले होते. त्यांनी पिस्तूलच जणू उलटे केले आणि नळी खाली, मुठीच्या पातळीवर आणली. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ते उलटे पिस्तूल गाजले. पण त्यानंतर नियम बदलले आणि ते स्पर्धेतून बाद झाले. मार्गोलिन यांची साधी, सरळ रचना मात्र टिकून राहिली. पुढे काळाबरोबर स्पर्धाही बदलल्या. २००५ पासून ऑलिंपिकच्या जलदगती प्रकारातून टू-टू शॉर्ट हे आखूड काडतूस गेले. कॉम्पेन्सेटर लावलेली पिस्तुले आता मुख्यतः प्रॅक्टिकल शूटिंगच्या ओपन विभागात दिसतात.

मार्गोलिन यांचे १९७५ मध्ये निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७७ मध्ये, ‘स्टार वॉर्स’ हा अमेरिकी चित्रपट झळकला. त्यातील राजकन्या लेयाच्या हातातले अंतराळयुगीन शस्त्र मार्गोलिन पिस्तुलावरच साज चढवून बनवले होते. शीतयुद्धाच्या काळात एका सोव्हिएत अभिकल्पकाची निर्मिती अशा रीतीने जगभरातील कोट्यवधी प्रेक्षकांच्या नजरेसमोर आली. त्यांतील फारच थोड्यांना तिच्या निर्मात्याचे नाव ठाऊक होते.

दृष्टी गेल्यानंतर मार्गोलिन अर्धशतक जगले. त्या वर्षांत त्यांनी कागदावरची एकही रेघ पाहिली नाही की लक्ष्यावरचा एकही वेध पाहिला नाही. तरीही त्यांच्या पिस्तुलाची माशी आणि खाच आजही एका रेषेत उभी आहेत. जुन्या पिस्तुलाचा अडकलेला कॉम्पेन्सेटर सोडवायला बसलेल्या माणसाने हातोडी उचलण्यापूर्वी क्षणभर डोळे मिटून तो सांधा बोटांनी चाचपून पाहावा. त्याच्या हाती असलेले पिस्तूल याच रीतीने घडले आहे.