मतदारयादीतील नाव आणि डॉ. आंबेडकर

बदलीच्या वा नोकरीच्या निमित्ताने बंगळुरूत आलेला मराठी माणूस बनशंकरीसारख्या वस्तीत स्थिरावतो, त्याची मुले शाळेत कन्नड शिकतात, पण मतदारयादीतील नाव मात्र अनेकदा सातारा, सोलापूर किंवा नागपुरातच राहते. ते येथे आणण्याचा त्याला हक्क आहे. या यादीवरील अंतिम अधिकार राज्य सरकारचा नसून केंद्रीय निवडणूक आयोगाचा आहे, हेही आपण गृहीत धरतो. वस्तुतः ही गृहीत धरण्याजोगी बाब नव्हती. संविधानाच्या मूळ मसुद्यात प्रांतांच्या विधिमंडळांसाठी स्वतंत्र आयोग योजलेले होते. १५ जून १९४९ रोजी ती योजना मोडून संपूर्ण देशासाठी एकच आयोग सुचविणारी दुरुस्ती मांडली ती मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. भीमराव आंबेडकर यांनी. वंशाने, संस्कृतीने वा भाषेने परक्या असलेल्या रहिवाशांना काही प्रांतांतील सरकारे यादीबाहेर ठेवत आहेत, अशा तक्रारी आल्याचे कारण त्यांनी संविधान सभेपुढे ठेवले. प्रांतांच्या अधिकारांवर हा घाला आहे, अशी टीका झाली. तरीही दुसऱ्याच दिवशी तरतूद संमत झाली. आजचे अनुच्छेद ३२४ ते हेच.

यादीबाहेर राहणे म्हणजे काय, हे आंबेडकरांना पुस्तकांतून शिकावे लागले नव्हते. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले, कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले आंबेडकर २७ जानेवारी १९१९ रोजी साउथबरो समितीपुढे साक्षीला उभे राहिले, तेव्हा ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होते आणि वय होते २७. मताधिकार त्या काळी शेतसारा, कर वा मालमत्तेवर अवलंबून होता. ज्याला व्यापारधंद्याची दारेच बंद, त्याच्याकडे मालमत्ता कोठून असणार, आणि ती नाही म्हणून मत नाही, असे हे चक्र होते. अस्पृश्यांसाठी पात्रतेची अट खाली आणावी आणि त्यांना स्वतंत्र प्रतिनिधित्व द्यावे, ही त्यांची मागणी होती. १९२८ मध्ये सायमन आयोगापुढे ते त्याही पुढे गेले आणि सर्व प्रौढ स्त्री-पुरुषांना मताधिकार मागितला. नेहरू अहवालानेही त्याच वर्षी तो मागितला होता, हे येथे नमूद केले पाहिजे. पण सायमन आयोगावर राष्ट्रीय चळवळीचा बहिष्कार असताना साक्ष देण्याची किंमत आंबेडकरांनी मोजली. देशद्रोहाचा शिक्का त्यांच्यावर दीर्घकाळ मारला गेला.

याच वर्षांत महाड घडले. चवदार तळ्यावर सर्वांना पाणी भरू द्यावे, यासाठी मुंबई विधिमंडळाचा सी. के. बोले यांचा १९२३ चा ठराव होता, नगरपालिकेचाही होता. पाणी मात्र मिळत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी आंबेडकर हजारोंसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. परतणाऱ्या प्रतिनिधींवर लाठ्यांनी हल्ले झाले. प्रतिहल्ल्याला सज्ज असलेल्या आपल्या माणसांना आंबेडकरांनी आवरले. डिसेंबरात पुन्हा परिषद भरली तेव्हा प्रतिपक्षाने न्यायालयाचा तात्पुरता मनाईहुकूम आणला होता. जमलेला समुदाय तळ्याकडे निघण्यास अधीर असताना सत्याग्रह तहकूब करण्यात आला. त्या प्रसंगी ही माघार अनेकांना झोंबली असणार. उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल आला तो मार्च १९३७ मध्ये. एका तळ्याच्या पाण्यासाठी दहा वर्षे! नाशिकच्या काळाराम मंदिराचा १९३० पासूनचा सत्याग्रह तर सुमारे पाच वर्षे चालून दार न उघडताच संपला.

दरम्यान पुणे कराराने (२४ सप्टेंबर १९३२) स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा आल्या. या सौद्याविषयी आंबेडकरांचे समाधान कधीच झाले नाही. तरी १९३७ ची निवडणूक त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने जोमाने लढविली आणि मुंबई प्रांतात बहुतेक उमेदवार निवडून आणले. खुद्द आंबेडकरांसमोर काँग्रेसने उभे केले होते ते विख्यात क्रिकेटपटू पाळवणकर बाळू. १९४६ मध्ये मात्र शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा धुव्वा उडाला. संविधान सभेत त्यांना प्रवेश मिळाला तो जोगेंद्रनाथ मंडल यांच्या साहाय्याने बंगालमधून. फाळणीने ती जागा गेल्यावर जयकरांच्या रिक्त जागी ते मुंबईतून आले.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात संविधानिक मार्ग खुले झाल्यावर सत्याग्रहही टाकून द्यावा, असे आंबेडकरांनी सांगितले. हे भाषण आंदोलकांच्या तोंडावर फेकणारे राजकारणी त्याचा उत्तरार्ध सोयीने विसरतात. राजकारणात एका माणसाला एक मत आणि समाजात मात्र माणसाचे मोल असमान, ही विसंगती फार काळ टिकली तर लोकशाहीच उद्ध्वस्त होईल, असा इशाराही तेथेच आहे.

अमेरिकेचा दाखला येथे उद्बोधक ठरतो. १८७० च्या घटनादुरुस्तीने वर्णाच्या आधारे मताधिकार नाकारण्यास बंदी घातली. पण नोंदणी स्थानिक अधिकाऱ्यांच्या हाती राहिली आणि साक्षरतेच्या चाचण्या लावून दक्षिणेतील कृष्णवर्णीयांना यादीबाहेर ठेवले गेले. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या अहिंसक चळवळीनंतर १९६५ च्या मताधिकार कायद्याने केंद्राने तेथे हात घातला. भारतात हक्क आणि यादीवरील केंद्रीय नियंत्रण ही दोन्ही पहिल्या निवडणुकीपूर्वीच आली. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने नोंदणीसाठी जात, जमीन वा मातृभाषा पाहिली नाही. सामान्यतः रहिवास पाहिला. त्या वेळी कायदामंत्री आंबेडकरच होते. २०२५ मध्ये बिहारपासून सुरू झालेल्या मतदारयाद्यांच्या विशेष सखोल पुनरीक्षणावरून संसदेचे पावसाळी अधिवेशन ठप्प झाले, तेव्हा वादाच्या मुळाशी हाच प्रश्न होता.

सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. त्यानंतरच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, म्हणजे ज्या प्रौढ मताधिकारासाठी त्यांनी दोन तपे झुंज दिली त्याच्याच आधारे झालेल्या निवडणुकीत, उत्तर मुंबईत काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांनी त्यांचा सुमारे साडेचौदा हजार मतांनी पराभव केला. त्यांनी निकालाला निवडणूक अर्जाद्वारे आव्हान दिले, रस्त्यावर उतरून नव्हे. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत ते पुन्हा उभे राहिले, पुन्हा हरले. लोकसभेत निवडून जाणे त्यांना साधले नाही. राज्यसभेचे सदस्य असतानाच ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.

तीन-चार महिन्यांतच दुसरी सार्वत्रिक निवडणूक झाली. फेडरेशनच्या तिकिटावर नाशिकमधून दादासाहेब गायकवाड लोकसभेत पोहोचले आणि तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, सीमाभागातील चिकोडीतून, दत्ता कट्टी.