चौथीपर्यंत शिकलेल्या कमलाबाईंनी मराठी स्वयंपाकघराला वाटीचं माप दिलं, ते आज फूड प्रोसेसरलाही उपयोगी पडतंय

ओट्याच्या कोपऱ्यात एक छोटा फूड प्रोसेसर असतो. कुणाच्या घरी तो लग्नाच्या आहेरात आलेला असतो, कुणी दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेला असतो. पहिले आठ दिवस त्याचं भारी कौतुक होतं. मग एक दिवस कणीक मळायला घेतली की पाणी जास्त होतं. चटणी भरड हवी असते, तिचा लगदा होतो. सोबत आलेल्या पुस्तिकेत मापं ग्रॅममध्ये आणि घरात वजनकाटा नाही. शेवटी आईला फोन लावला, तर उत्तर मिळतं की अंदाजाने घाल.

आता हा अंदाज आणायचा कुठून?

हाच प्रश्न पन्नास-साठ वर्षांपूर्वी हजारो मराठी मुलींना पडला होता. तेव्हा ओट्यावर नवीन आलेला असायचा तो मिक्सर. आणि त्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं चौथीपर्यंत शिकलेल्या एका गृहिणीने. त्यांचं नाव कमलाबाई ओगले, आणि त्यांचं पुस्तक 'रुचिरा'.

यंत्रांच्या शेजारचं गाव

कमलाबाईंचा जन्म १६ सप्टेंबर १९१३ चा. गाव कुंडल, आजच्या सांगली जिल्ह्यातलं. हे गाव तेव्हा औंध संस्थानात होतं.

कुंडलचा शेजार मोठा गमतीचा होता. कमलाबाईंच्या जन्माच्या तीन वर्षं आधी, १९१० मध्ये, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना आणि वसाहत उभी केली. औंधच्या संस्थानिकांनी त्यांना जागा दिली होती. तीच पुढे किर्लोस्करवाडी झाली. लोखंडी नांगर आणि कडबा कापायचं यंत्र या मालावर किर्लोस्करांचं नाव झालं होतं.

म्हणजे गुरांचा चारा कापायला यंत्र आलं होतं. पण माणसांचं अन्न तयार करायला घरातल्या बाईच्या हाताशी काय होतं? दळायला जातं, वाटायला पाटा-वरवंटा, कुटायला खलबत्ता आणि चिरायला विळी. पहाटे जात्यापासून सुरू झालेला दिवस रात्री चूल सारवूनच संपायचा.

कमलाबाईंचं लहानपण गरिबीत गेलं. शाळा चौथीपर्यंत. त्या काळच्या रीतीप्रमाणे लवकर लग्न झालं आणि त्या सांगलीला ओगल्यांच्या घरी आल्या.

सासूबाईंची शाळा

सांगलीत त्यांची दुसरी शाळा सुरू झाली. शिक्षिका होत्या सासूबाई. स्वयंपाक त्या सासूबाईंच्या हाताखालीच शिकल्या.

ही शिकण्याची पद्धत नीट समजून घ्यायला हवी. तिथे वही नसायची आणि मापही नसायचं. सासूने मूठभर म्हटलं की ती मूठ सासूची. चिमूट तिची, ओंजळही तिची. सून शेजारी उभी राहून बघायची. चुकायची, बोलणी खायची आणि दोन-चार वर्षांत तिचा हात बसायचा. या बसलेल्या हातालाच आपण अंदाज म्हणतो.

पण या पद्धतीला एक अट होती. शिकवणारी आणि शिकणारी एकाच घरात हवी. ही अटच पुढे मोडली.

सासू गावाला, सून शहरात

स्वातंत्र्यानंतर मुंबई-पुण्याकडे नोकऱ्यांसाठी जाणारी कुटुंबं वाढली. दोन खोल्यांत नवरा-बायकोचा संसार आणि विचारायला सासू नाही, आई नाही. अनेक मुली स्वतः नोकरी करणाऱ्या. काही जणी तर नवऱ्यासोबत थेट परदेशात.

त्यात मापांचाही घोळ होता. मराठीत पाककृतींची पुस्तकं आधीपासून होती. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' हे जाडजूड पुस्तक १९१० च्या सुमाराचं. पण जुन्या काळाची मापं म्हणजे शेर, छटाक, तोळा. १९५६ च्या कायद्याने देशात मेट्रिक पद्धत आली आणि पुढच्या काही वर्षांत बाजारात किलो-ग्रॅम रुळले. आता जुनी मापं नव्या मुलींना कळेनात आणि नव्या मापांसाठी घरात तराजू नाही.

याच काळात स्वयंपाकघरही बदलत होतं. मुंबईत १९५० च्या दशकात गॅस सिलिंडर आला. दशकाच्या शेवटी देशी बनावटीचे प्रेशर कुकर आले. आणि मग आला मिक्सर.

जर्मन मिक्सर बिघडला आणि...

मिक्सरची गोष्टही मुंबईचीच. सत्यप्रकाश माथूर हे सीमेन्स कंपनीत इंजिनिअर. त्यांच्या पत्नी माधुरी यांच्याकडे ब्राऊन या जर्मन कंपनीचा मिक्सर होता. युरोपी स्वयंपाकासाठी बनवलेलं ते यंत्र आपल्या वाटणांपुढे टिकलं नाही. भिजवलेली डाळ, सुकं खोबरं, खडा मसाला हे त्याच्या मोटरला झेपणारं काम नव्हतं. इथे दुरुस्तीचीही सोय नव्हती. मग माथूर यांनी भारतीय वाटणाला पुरेल अशा मोटरवर काम सुरू केलं. १९६३ मध्ये कंपनी उभी राहिली आणि पुढे सुमीत हे नाव घरोघरी पोचलं. यंत्र कसं वापरायचं हे बायकांना दाखवण्यासाठी माधुरी माथूर यांनी प्रात्यक्षिकं घेतली.

म्हणजे यंत्र आलं, तरी ते शिकवायला बाईच लागली. कारण पाट्याचा अंदाज मिक्सरला चालत नाही. पाटा चिरडतो, पातं कापतं. पाट्यावर वाटण हळूहळू बारीक होतं आणि मध्येच बोटाने बघता येतं. मिक्सरचं पातं मिनिटाला हजारो फेरे घेतं, तिथे दहा सेकंदांत भरडाचा गंध होतो.

१९७० : 'रुचिरा'

अशा वेळी, १९७० मध्ये, 'रुचिरा' बाजारात आलं. प्रकाशक होते किर्लोस्कर. ज्यांचा कारखाना कमलाबाईंच्या माहेरच्या शेजारी उभा राहिला, त्यांनी १९२० मध्ये 'किर्लोस्कर' आणि १९३० मध्ये बायकांसाठी 'स्त्री' मासिक सुरू केलं होतं. मराठी मध्यमवर्गीय घरात त्यांची आधीच ये-जा होती.

कमलाबाई तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. हाताशी होता तो आयुष्यभराचा स्वयंपाक.

पुस्तकाचं वेगळेपण एका साध्या गोष्टीत होतं. मापं वाटी आणि चमच्याची. जी वाटी प्रत्येकीच्या मांडणीवर होतीच, तीच माप झाली. तराजू नको आणि सासूची मूठही नको.

वाटी चालते, कारण ती वजन सांगत नाही, प्रमाण सांगते. मोदकाची उकड घ्या. साधारण एक वाटी तांदळाच्या पिठाला एक वाटी पाणी. तुमची वाटी लहान असो की मोठी, दोन्हीसाठी तीच वापरली की प्रमाण बिघडत नाही. सारणालाही तेच, दोन वाट्या ओल्या खोबऱ्याला एक वाटी गूळ. अष्टविनायकातल्या ओझरच्या विघ्नहराचा नैवेद्य असो की न्यू जर्सीतल्या घरचा गणपती, हिशोब एकच राहतो.

पुस्तक तुफान चाललं. दीड लाखाहून जास्त प्रती खपल्या. दुसरा भाग आला, इंग्रजी आणि हिंदीतही ते गेलं. लेकीच्या लग्नात 'रुचिरा' द्यायची पद्धत पडली आणि परदेशी निघालेल्या बॅगांमध्ये मसाल्यांच्या पुड्यांशेजारी हे पुस्तक असायचं. कमलाबाई अनेक सुनांच्या न भेटलेल्या सासूबाई झाल्या.

सगळा महाराष्ट्र त्यात होता का?

तर नाही. 'रुचिरा'वर मुख्यतः सांगली-पुण्याकडच्या ब्राह्मणी स्वयंपाकाची छाप आहे. महाराष्ट्राचं जेवण त्याहून कितीतरी मोठं आहे. जुन्नर-आंबेगाव पट्ट्यातली मासवडीच घ्या. बेसनाच्या आवरणात तीळ, सुकं खोबरं, कांदा, लसणाचं झणझणीत सारण आणि सोबत तिखट रस्सा. असे कितीतरी पदार्थ आजही त्या-त्या घरातल्या बायकांच्या हातातच आहेत. त्यांची वाटी कुणीतरी मोजायला हवी, नाहीतर त्या हातांबरोबर तेही जातील.

मग तुमच्या छोट्या प्रोसेसरचं काय?

जगात फूड प्रोसेसर घरात शिरला तो १९७० च्या दशकात. फ्रान्समध्ये हॉटेलांसाठी बनलेलं यंत्र घरगुती आकारात आलं आणि १९७३ मध्ये कार्ल सोंथायमर यांनी ते अमेरिकेत नेलं. मिक्सरचं भांडं उभं आणि अरुंद, वाटणासाठी. प्रोसेसरचं भांडं रुंद, चिरायला, किसायला आणि मळायला.

कमलाबाईंची पद्धत इथे बरोबर लागू पडते. कणकेसाठी दोन वाट्या पीठ असेल तर पाणी एक वाटीहून थोडं कमी काढून ठेवा. आधी पीठ, मग कमी वेगावर धार धरून पाणी. गोळा झाला की लगेच थांबा. छोट्या भांड्यात एका वेळी किती वाट्या मावतात हे एकदा मोजून ठेवा आणि दोन-तृतीयांशाच्या वर भरू नका. जास्त भरलं तर मोटर तापते, कपलर झिजतो. यंत्र मध्येच बंद पडलं तर घाबरू नका. बऱ्याच मॉडेलच्या तळाला लाल बटण असतं. प्लग काढा, भांडं थोडं रिकामं करा, मोटर गार होऊ द्या आणि मग ते दाबा.

मासवडीचं सारण किंवा शेंगदाण्याची चटणी भरड हवी असेल तर बटण सलग फिरवू नका. पल्सवर दोन-दोन सेकंद चालवा आणि दर वेळी झाकण उघडून बघा. पाट्यावर बोटाने जे बघितलं जायचं, ते इथे डोळ्यांनी बघायचं. तीन-चार वेळा नीट जमलं की आकडा लिहून ठेवा. किती वाट्या, किती वेळा पल्स.

२० एप्रिल १९९९ रोजी कमलाबाई गेल्या. 'रुचिरा' आजही छापलं जातं आणि विकलंही जातं. मधल्या काळात जातं गेलं, पाटा बाल्कनीत गेला आणि मिक्सरशेजारी प्रोसेसर आला. वाटी मात्र अजून मांडणीवर आहे.

पुढच्या वेळी आई फोनवर अंदाजाने घाल म्हणाली, तर तिच्यासमोर वाटी ठेवा आणि तिची मूठ त्यात रिकामी करायला सांगा. ते माप तुमच्या घरचं आहे आणि ते दुसऱ्या कुठल्या पुस्तकात मिळणार नाही.