तीन मिनिटं!

आधीच सांगून टाकते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला!

गेल्या सुट्टीत दादाने मला 'अल्ट्रामॅन' हा जुना गेम खेळायला दिला. १९९१ साली सुपर फॅमिकॉमवर आलेला. लाल-चंदेरी सूटमधला हिरो आणि समोर एक राक्षस. राक्षसाला नुसतं बदडून चालत नाही. त्याची ताकद पार संपवायची आणि त्याच वेळी आपल्या किरणांची पॉवर पूर्ण भरलेली हवी, तरच तो मरतो. नाहीतर पुन्हा ताजातवाना! आणि हे सगळं तीन मिनिटांत. मी पहिल्याच राक्षसाकडून सात वेळा हरले. मग चिडून शोधायला बसले, ही भानगड मुळात काढली कोणी?

गेम निघाला १९६६ च्या जपानी टीव्ही मालिकेवरून, आणि त्या मालिकेमागचा माणूस म्हणजे एइजी त्सुबुराया. जन्म १९०१, फुकुशिमातलं सुकागावा गाव. आई लहानपणीच गेली. पोराला वेड विमानांचं. वैमानिक व्हायला तो हानेदाच्या फ्लाइंग स्कूलमध्ये गेला, पण १९१७ मध्ये तिथले संस्थापक-शिक्षकच विमान अपघातात गेले आणि शाळा बंद पडली. मग टोकियोच्या कांदा (खरंच, असंच नाव आहे!) भागात तो इलेक्ट्रिकल शिकला. इथे मी थबकलेच. मलाही एरोनॉटिकल हवं होतं, कॅप राउंडमध्ये मिळालं इलेक्ट्रिकल.

पुढे तो सिनेमात कॅमेरामन झाला. १९३३ चा 'किंग काँग' पाहून इतका झपाटला, की त्याची प्रिंट मिळवून एकेक फ्रेम तपासली.

आता न आवडणारा भाग. १९४२ मध्ये युद्धाच्या प्रचारासाठी एक सिनेमा निघाला. त्यात पर्ल हार्बरवरचा हल्ला त्याने छोट्या मॉडेल्सवर हुबेहूब उभा केला. कला अव्वल, पण कशासाठी वापरली? युद्ध संपल्यावर अशाच कामांमुळे १९४८ मध्ये त्याच्यावर बंदी आली, नोकरी गेली. पठ्ठ्या स्वतःची छोटी प्रयोगशाळा काढून काम करत राहिला.

१९५४ मध्ये आला 'गॉडझिला'. किंग काँगसारखं एकेक फ्रेम हलवून शूट करायला वेळ नव्हता, म्हणून रबरी सूटमध्ये माणूस घातला. भोवती १/२५ मापाचं टोकियो. पण छोटी इमारत पटकन कोसळते आणि खेळण्यातली वाटते. मग कॅमेरा जास्त वेगाने चालवायचा, म्हणजे पडद्यावर तीच पडझड सावकाश, भारदस्त दिसते. आपलं फिजिक्स सांगतं, २५ पट लहान मॉडेलसाठी वेळ २५ च्या वर्गमुळाने, म्हणजे ५ पट ताणायला हवा. अकरावीत मी हे सूत्र नुसतं घोकलं होतं! आणि गंमत बघा, ज्या हातांनी आधी हल्ला देखणा केला होता, त्यांनीच आता जळणारं शहर आणि अणुबॉम्बची भीती दाखवली.

१९६३ मध्ये त्याने स्वतःची कंपनी काढली. ऑक्सबेरी नावाचा महागडा ऑप्टिकल प्रिंटर मागवला आणि पैशाचं गणित कोलमडलं. शेवटी टीबीएस या टीव्ही कंपनीने मशीनचा भार उचलला. त्यातून आधी 'अल्ट्रा क्यू' आणि मग जुलै १९६६ मध्ये 'अल्ट्रामॅन' आली. हिरो ४० मीटर उंच, पण पृथ्वीवर तीनच मिनिटं टिकणारा. छातीवरचा निळा दिवा लाल होऊन लुकलुकायला लागला की जपानमधली पोरं श्वास रोखून बसायची. अजिंक्य हिरो असता तर कोण बघत बसलं असतं?

२५ जानेवारी १९७० ला, ६८ व्या वर्षी, त्सुबुराया गेला. गेम त्यानंतर २१ वर्षांनी आला, तरी तो दिवा तसाच लुकलुकतो.

पुढच्या वर्षी आमचं कॅम्पस. 'पॅकेज किती?' हे सगळे विचारतात. 'तू बनवणार काय, आणि कोणासाठी?' हे अजून कोणीच विचारलेलं नाही. त्सुबुरायालाही बहुधा १९४२ मध्ये कोणी विचारलं नसेल. त्याला दुसरी संधी मिळाली आणि त्याने तिचं सोनं केलं. आपल्याला मिळेलच असं नाही. तेव्हा मित्रांनो, दिवा निळा आहे तोवरच विचार करून ठेवलेला बरा.

आणि हो, आठव्या वेळी मी जिंकले!