स्वानुभवाची साक्ष

अमळनेर म्हटले की मला साने गुरुजी आठवतात, आणि आपली जुनी नोकरीही. बँकेत असताना अर्जावरून माणूस ओळखायचा आमचा खाक्या होता. उत्पन्न, जमीन, जामीनदार. रकाने भरले की माणूस कळला! पुढे कादंबऱ्या लिहू लागलो तेव्हा उमगले, की माणूस रकान्यांत मावत नाही.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातल्या पालगडला झाला. अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात ते शिकायला आले आणि १९२४मध्ये तिथेच, आजच्या प्रताप हायस्कुलात, शिक्षक झाले. वसतिगृहातल्या मुलांच्या खोल्या झाडणारा, त्यांचे कपडे धुणारा हा शिक्षक १९३०मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात उतरला. नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३मध्ये त्यांनी ‘श्यामची आई’चा बराचसा भाग लिहून काढला.

हे पुस्तक आपण डोळे पुसत वाचतो. पण ती एका समाजाची तपासणीही आहे. स्वतःचे आयुष्य हेच अभ्यासाचे साहित्य मानणारी एक पद्धत आज समाजशास्त्रात आहे. तिला ऑटोएथ्नोग्राफी म्हणतात. गुरुजींच्या काळी हे नाव रुळलेले नव्हते. तरी पाहा: एका म्हाताऱ्या महार बाईची मोळी उचलून द्यायला आई श्यामला पाठवते, आणि घरी आल्यावर अंघोळ करायलाही सांगते. माया आणि विटाळ एकाच घरात, एकाच तोंडी! जनगणनेच्या कुठल्या तक्त्यात हे सापडेल?

माझ्यातला बँकवाला विचारतो, एकट्याची साक्ष कशी धरायची? उत्तर असे, की गुरुजी स्वतःला सोडत नाहीत. श्यामचा भित्रेपणा, हट्ट, चुका ते झाकत नाहीत. स्वतःविरुद्ध दिलेली साक्ष वजनदार असते. आणि जामीनदार म्हणाल, तर त्यात आपले घर ओळखणारे हजारो वाचक.

तरी ही साक्ष मोळी उचलणाऱ्याची. जिच्या डोक्यावर मोळी होती, तिचे मन त्यात नाही. ती बाजू ऐकायला मराठी वाचकाला १९७८मध्ये आलेल्या दया पवारांच्या ‘बलुतं’सारख्या आत्मकथनांची वाट पाहावी लागली.

गुरुजी मात्र लिहून थांबले नाहीत. मे १९४७मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी दहा दिवस उपोषण केले. दारे उघडली. ११ जून १९५० रोजी ते गेले.

स्वानुभव सांगणे सोपे असते. त्याची किंमत चुकवणारे थोडे. अमळनेरच्या या मास्तरांनी ती चुकवली.